तेजरामकाकांनी क्लब काहून सोडला

आमच्या वॉर्डात एखाद्या गोष्टीचं कारण शोधायचं असलं की लोक त्या गोष्टीपासून होईल तितकं लांब जाऊन बसतात. तेजरामकाकांनी फुटबॉल क्लब सोडला तेव्हा हेच झालं. मैदानाच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. तिथं रोज संध्याकाळी एकच विषय: काका आमचे मॅनेजर, इतकी वर्षं टीम सांभाळली, मग ऐन पंधरा ऑगस्टच्या कपात, सेमीफायनल जिंकल्यावर, एकाएकी सोडून काहून गेले? टपरीवरून हाक मारली असती तर काकांच्या अंगणात ऐकू गेली असती. पण हाक कोणी मारली नाही. चर्चा मात्र अशी रंगायची, की दिल्लीचं सरकार पडलं असतं तरी एवढी रंगली नसती.

मी हा तमाशा दोन्ही बाजूंनी पाहिला. माझं घर काकांच्या घरासमोर, मध्ये फक्त गल्ली. आणि मी ज्या पॅथॉलॉजीत लोकांचं रक्त काढते, तिथून घरी यायच्या वाटेवर ती टपरी. बाईमाणसानं टपरीवर उभं राहून फुटबॉलवर वाद घालावा हे मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटला अजून पचलेलं नाही. पण माझे बाबा, चैतराम, या नवप्रभात क्लबचे पहिले गोलकीपर. त्यामुळे मला सूट आहे. "चैतरामची आम्रपाली आहे, बोलू द्या तिले," असं म्हणतात. बोलू देतात, ऐकत नाहीत.

आधी काका कोण ते सांगते, म्हणजे माझा राग कशाचा ते कळेल.

तेजरामकाका मूळचे आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्याच खैरलांजीकडचे. घरी धानाची थोडी शेती, भाऊ जास्त, म्हणून हे तरुणपणीच बालाघाटला आले आणि बसस्टँडवर प्रायव्हेट बसचे बुकिंग एजंट झाले. एजंट म्हटलं की माणसाला टेबल-खुर्ची दिसते. तसं काही नाही. बसच्या दारात उभं राहायचं, "रजेगाव, रजेगाव, गोंदिया, चलो गोंदिया" असं घसा फाटेस्तोवर ओरडायचं, म्हाताऱ्या बायांची गाठोडी वर द्यायची, आणि कंडक्टरशी भांडून विद्यार्थ्यांना आत कोंबायचं. त्यांचा आवाज त्यामुळे कायमचा बसलेला. घरात काकीशी प्रेमानं बोलले तरी गोंदियाची गाडी सुटतेय असं वाटायचं.

फुटबॉल काका फार वाईट खेळत. पायात बॉल आला की आपल्याला पाय दोन आहेत हेच विसरत, असं बाबा सांगायचे. म्हणूनच त्यांना मॅनेजर केलं. पण झालं असं, की तेच एक पद क्लबमध्ये कामाचं निघालं.

कारण आमची टीम शहराची म्हणायची, पण शहरात पोरं कुठं आहेत? दहावी-बारावी झाली की नागपूर, रायपूर. जी राहतात ती मोबाईलवर खेळतात. खरं खेळणारे सगळे खेड्यातले. रामपायलीचे, खैरलांजीचे, रजेगावच्या अलीकडल्या वाड्यांचे. आणि पंधरा ऑगस्टचा कप येतो तेव्हा त्या गावांत धानाची रोवणी संपत आलेली असते, संपलेली नसते. चिखलात वाकून एकेक रोप लावायचं काम ते. घरातला तरणा गडी त्या दिवसांत कोणता बाप सोडेल? कोणती आई सोडेल? बॉल लाथाडायला?

काका सोडवून आणायचे. कसे, ते ऐकण्यासारखं आहे. कोणाच्या घरी जाऊन त्यांनी कधी "पोराला खेळायला पाठवा" असं म्हटलं नाही. दारात जायचे, चप्पल काढायचे, आणि म्हणायचे, "माय, भूक लागली वो. काई आहे का खायाले?" आता दारात आलेल्या माणसाला आमच्याकडं नाही म्हणत नाहीत. बाई वाढायची. काका दोन घास खाऊन भाजीची तारीफ करायचे, बैलाची तब्येत विचारायचे, लेकीच्या सासरची खबर घ्यायचे. हात धुवून झाला की उठता उठता म्हणायचे, "बरं मंग, हेमराजले घेऊन जाऊ का?" आपल्या घरचं मीठ खाल्लेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बाप कुरकुरायचा, आई पदराआड हसायची, आणि पोरगा काकांच्या मागं बसमध्ये.

हा हेमराज रामपायलीचा, आमचा सेंटर फॉरवर्ड. एका वर्षी त्याच्या बापानं साफ नकार दिला. जेवू घातलं आणि वर नकार दिला. काकांनी धोतरासारखी पँट वर खोचली आणि बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरले. "थो खेळून येते तवापर्यंत त्याच्या जागी मी रोवतो," म्हणाले. मॅच इकडं, मॅनेजर तिकडं चिखलात. आम्ही जिंकलो तेव्हा काका मैदानावर नव्हतेच. संध्याकाळच्या बसनं आले, कंबर धरून, आणि पहिला प्रश्न काय? "पोट्ट्याले लागलं तं नाई ना?"

रुसवे काढायलाही तेच. दहा नंबरची जर्सी दिली नाही म्हणून एक रुसला, वाढदिवसाला बोलावलं नाही म्हणून दुसरा. काका प्रत्येकाच्या दारात. माझ्या बाबांच्या वेळी तर आणखी गंमत. त्या काळात कुणब्याच्या पोरानं आमच्या बौद्धांच्या मोहल्ल्यात पाट मांडून जेवणं ही साधी गोष्ट नव्हती. काका आले, आजीला म्हणाले, "शेवंतामाय, भूक लागली." आजी घाबरली. काका जेवले, वर भात मागून घेतला, आणि बाबांना घेऊन गेले. त्यांच्या घरी त्यावरून चार दिवस भांडी वाजली. बाबांना मी एकदा म्हटलं, मोठ्या मनाचा माणूस. बाबा म्हणाले, "मन-बिन जाऊ दे. त्याले गोलकीपर पाहिजे होता." मला ते उत्तर अजून आवडतं.

तर असा हा माणूस. फॉर्मेशन त्याला कळायचं नाही, ऑफसाईडवरून रेफ्रीशी तो नेहमी चुकीच्या बाजूनं भांडायचा. त्याची सगळी मॅनेजरी म्हणजे लोकांच्या दारात जाणं.

मग क्लबला नवे अध्यक्ष मिळाले. धर्मेंद्रभाऊ. रस्त्याची कंत्राटं घेतात. त्यांनी नव्या जर्स्या दिल्या, बूट दिले, मैदानावर लाल माती टाकली. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी मोबाईलवर टीमचा ग्रुप केला. काकांकडं बटणांचा फोन, म्हणून काका ग्रुपवर नाहीत. त्यातही कोणाची दुष्टाई नव्हती. कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर दुष्टाई परवडली.

सेमीफायनलच्या दिवशी काका नेहमीसारखे पहिल्या बसनं रामपायलीला गेले. हेमराजच्या दारात चप्पल काढली. त्याची आई अंगण झाडत होती. म्हणाली, "थो तं गेला ना, बाप्पा. बोलेरो आलती. ग्रुपवर मेसेज आलता म्हणे. तुमाले मालूम नाई?"

काका म्हणाले, "हौ हौ, मालूम आहे. मी असाच आलतो."

तिनं चहा विचारला. जेवायचं विचारलं नाही. ती तरी कशाला विचारेल? पोरगा तर गेला होता.

काका परतले तेव्हा हाफटाईम झाला होता आणि आम्ही दोन गोलांनी पुढं होतो. ते मैदानाच्या कडेला उभे राहिले. ते सकाळपासून नाहीत हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यामुळे ते आले हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी होते तिथं, मी पाहिलं. पोरं चांगली खेळत होती. सगळी अकराच्या अकरा, वेळेवर आलेली, पोटभर नाश्ता केलेली, नव्या बुटांत. हरले असते तर काकांना बरं वाटलं असतं, असं मला वाटलं. पण पोरं जिंकली.

मॅच संपल्यावर फोटो काढणं चाललं होतं. काका धर्मेंद्रभाऊंपाशी गेले आणि आपल्या त्या बसस्टँडच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, मी चाललो. आता टीम तुमची तुमी पाहा."

धर्मेंद्रभाऊ कॅमेऱ्याकडं बघत हसत होते. तसेच हसत म्हणाले, "हौ काका, जा, आराम करा. थकले असान."

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडं "मी चाललो" याचा अर्थ जाणं असा नसतो. लग्नात नवऱ्या मुलाचा फुफा, म्हणजे आत्याचा नवरा, रुसतो, "मी चाललो" म्हणून पिशवी उचलतो, आणि मांडवाच्या दारापर्यंत जायला अर्धा तास लावतो. का? कोणीतरी दंडाला धरावं म्हणून. दोन-चार जण धावतात, हात जोडतात, "असं काय करता जी, तुमच्याबिगर कसं होईल," म्हणतात, आणि फुफा परत येऊन पहिल्या पंगतीला बसतो. यात खोटं काही नाही. आपण नसलो तर यांचं अडतं का, हे माणूस एकदा तपासून बघतो. तपासायची दुसरी रीत आम्हाला ठाऊक नाही.

आणि काकांनी तर जन्मभर दुसऱ्यांचा दंड धरला होता. ते हळूहळू चालत मैदानाबाहेर पडले. गल्लीपर्यंत मी त्यांच्या मागं होते. दोनदा थांबले, चपलेचा पट्टा बघितला. पट्टा चांगला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी अंगणात पाणी शिंपडलं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या धुऊन ओळीनं मांडल्या. काकीला, म्हणजे सत्यभामाकाकीला, सांगितलं, "दूध जास्तीचं घेऊन ठेव." काकीनं विचारलं नाही कशाला. तिला कळलं होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दाराकडं तोंड करून बसले. कोणी आलं नाही. दूध नासू नये म्हणून काकीनं रात्री दही लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गेले. म्हटलं, "काका, चला, फायनल तोंडावर आली. तुमच्याशिवाय टीम आहे का?"

काका हसले. म्हणाले, "बाई, तू घरची आहेस. घरच्यानं मनवलं तं थे मनवणं होते का?"

बाबा असते तर त्यांनी जाऊन खेचत आणलं असतं. बाबा नाहीत. म्हणून मी त्या संध्याकाळी टपरीवर गेले आणि सरळ सांगितलं: काकांना काय पाहिजे ते मला माहीत आहे. पद नको, हार नको. कोणीतरी क्लबकडून घरी जा आणि चला म्हणा. एवढंच.

टपरीवर तिघं पक्के. वसंता, ऑटो चालवतो आणि आपला आवाज ऑटोच्या वर काढतो. प्रेमलाल, वीज खात्यातून रिटायर, प्रत्येक गोष्टीत राजकारण शोधतात. आणि लोकेश, मोबाईलचं दुकान आहे, रात्रभर विलायतेतल्या मॅचेस बघतो आणि दिवसा आम्हाला शहाणपण शिकवतो.

"जाऊ ना," वसंता म्हणाला. "पण आमी काहून जाऊ? आमी गेलो तं आमचीच गलती झाली असं होईल."

प्रेमलाल म्हणाले, "अध्यक्षानं जायला पाहिजे. प्रोटोकॉल असते."

लोकेश म्हणाला, "दीदी, मी मेसेज टाकतो ना त्याईले."

"त्यांचा फोन बटणांचा आहे," मी म्हटलं.

"मंग कसं जमंल?" लोकेश खरोखरच विचारात पडला. टपरीपासून त्या घरापर्यंत पायांनीही जाता येतं, हे त्याला सुचलं नाही.

आणि मग ते पुन्हा आपल्या आवडत्या कामाला लागले. वसंताचं मत असं, की खाणीकडच्या टीमनं काकांना विकत घेतलं. फायनल त्यांच्याशीच होती. "पैसा बोलते यार. नाई तं एवढा माणूस फायनलच्या तोंडावर जाते का?" प्रेमलाल म्हणाले, नगरपालिकेची निवडणूक येतेय, काकांना पार्षदचं तिकीट हवं असणार. लोकेश म्हणाला, "तुमी समजून नाई राह्यले. ड्रेसिंग रूम हातातून गेली का मॅनेजर खतम. तिकडं असंच होते." आमची ड्रेसिंग रूम म्हणजे मैदानाच्या कडेचा एक ओटा आणि त्याच्यावर सुकत घातलेले मोजे. पण गंमत अशी, की तिघांत हाच खऱ्याच्या जवळ होता. फक्त बोललेलं त्याचं त्याला समजत नव्हतं.

मी घसा कोरडा करून सांगितलं, की काका रामपायलीला गेले होते, पोरगा आधीच गाडीत बसून गेला होता, त्याचं त्यांना लागलं. तिघांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी रिपोर्ट बदलून दिला. "एवढ्यासाठी?" वसंता म्हणाला. "नाई, नाई. गोष्ट मोठी आहे." लोकांना मोठं कारण लागतं. लहान कारणावर किती चहा पिणार?

आणि फायनलच्या दिवशी रामपायलीची पोरं आली नाहीत.

मेसेज गेला होता, बोलेरोही गेली होती. पण त्या दिवशी कालव्याला पाणी सुटलं. राहिलेली रोवणी आजच उरकायची म्हणून गावातले सगळे बांधीत उतरलेले. ड्रायव्हरनं चौकात हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, आणि रिकामी गाडी घेऊन परत आला. हॉर्नला काय, भूक लागत नाही. आम्ही बदली पोरं घेऊन खेळलो आणि पाच गोल खाल्ले. पाचव्या गोलाला खाणीवाल्यांचा गोलकीपर गोलपोस्टला टेकून शेंगा खात होता.

आता खरी आग लागली, कारण प्रेमलाल यांनी शपथेवर सांगितलं, की त्या सकाळी त्यांनी काकांना रामपायलीच्या बसमध्ये चढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

वसंतानं मांडी थोपटली. "झालं ना! पोट्ट्याईले अडवाले गेलता!"

काका खरंच गेले होते. ते मला नंतर हेमराजनं सांगितलं, मान खाली घालून. काकांना बसस्टँडवर ड्रायव्हर लोकांकडून कळलं, की कालव्याला पाणी सुटलंय. पोरं येणार नाहीत हे त्यांनी तिथंच ओळखलं. रुसवा गेला चुलीत, म्हणून ते बसमध्ये चढले. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी दंड धरला नव्हता. हेमराजच्या बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "चाल बाबू, फायनल आहे." हेमराजचा बाप कमरेतून सरळ झाला आणि म्हणाला, "पण तेजराम, तू तं सोडलं ना? मंग कोनाकडून आला?"

काका धुऱ्यावरून खाली उतरले. मग म्हणाले, "बरं, तुमी काम करा." आणि परत आले. त्या दिवशी त्यांनी कोणाकडं जेवायला मागितलं नाही.

हेही मी टपरीवर सांगितलं. हेमराजचं नाव घेऊन सांगितलं. प्रेमलाल म्हणाले, "थो तं बोलनच. त्यालेही हिस्सा भेटला असंल."

आमच्या बाबांची एक म्हण होती, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. मी टपरीवर थांबणं बंद केलं. पण येता-जाता ऐकू यायचंच. दसरा गेला, दिवाळी गेली, धान कापून घरात आलं, विषय तोच. नवप्रभात क्लबच्या त्या मोसमात त्यानंतर एकही मॅच झाली नाही. चर्चा मात्र कधी बुडाली नाही. काकांचा मुख्य उपयोग आता तोच राहिला होता.

काका रोज बसस्टँडवर जायचे, ओरडायचे, परत यायचे. खुर्च्या आता रोज धुवत नसत. पण मोटरसायकल गल्लीत वळली की त्यांचं बोलणं मध्येच थांबायचं. काकी तेवढ्यात दुसरीकडं बघायची.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडया भरतात, जत्रा, नाच, पाहुणे. अशाच एका मंडईत तिघांची शर्यत लागली. ज्याचं कारण खरं निघेल त्याला बाकीच्यांनी मुर्गा-भात खाऊ घालायचा. शर्यत लागली तर निकाल पाहिजे. निकाल कोण देणार? तेव्हा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणाच्या तरी डोक्यात आलं, की काकांनाच विचारू.

मी अंगणात कपडे काढत होते. सत्यभामाकाकी गल्ली ओलांडून पळत आली. या वयात ती पळू शकते हे मला माहीत नव्हतं. "आम्रपाली, चार कप दे वो, चांगले दे. आले, आले थे. क्लबवाले आले."

मी कप घेतले आणि तिच्या मागंच गेले. वसंता, प्रेमलाल, लोकेश, आणि मागं वॉर्डातली आणखी काही मंडळी. खुर्च्या पुरल्या नाहीत, काही ओट्यावर बसले. काका आत गेले आणि क्लबचं जुनं जॅकेट घालून आले. बाह्या विटलेल्या, पण चेन पार गळ्यापर्यंत ओढलेली. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला एकदम भीती वाटली. माणसानं एवढं खूश होऊ नये.

पोहे झाले, चहा झाला. धानाच्या भावाचं बोलणं झालं. काका सगळ्यांना आग्रह करत होते, "घे ना लोकेश, अजून घे." आणि मग, कोणी काही विचारायच्या आत, ते स्वतःच बोलू लागले. हेमराजचा गुडघा आता पहिल्यासारखा नाही, त्याला यंदा जरा मागं खेळवावं. खैरलांजीकडं एक पोरगा आहे, डाव्या पायाचा, त्याची आई कडक आहे पण मऊ पडेल. बोलेरो असू द्यावी, गाडी चांगलीच आहे, फक्त गाडीसोबत मी जाईन म्हणजे झालं. त्यांनी सगळं मनात जमवून ठेवलं होतं. महिनोन्‌महिने त्या माणसानं दुसरं काही केलं नव्हतं.

वसंतानं कप खाली ठेवला. "थे होईल काका. पण आधी एक गोष्ट साफ सांगा. आमची शर्यत लागून आहे." आणि त्यानं सांगितलं. मुर्गा-भातासकट सगळं सांगितलं, हसत हसत. बाकीचेही हसले. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. तेच तर मला सहन होत नाही.

काकांनी जॅकेटची चेन थोडी खाली केली. मग म्हणाले, "कोनाचं काय म्हणणं आहे?"

तिघांनी उत्साहानं आपापलं सांगितलं. प्रेमलाल यांनी तिकिटाचं, लोकेशनं ड्रेसिंग रूमचं. वसंता जरा चाचरला, तोंडावर कसं म्हणायचं म्हणून. काकाच म्हणाले, "बोल, बोल." तेव्हा त्यानं खाणीवाल्यांच्या पैशाचं सांगितलं.

काकांनी तिघांकडं एकेक करून पाहिलं. म्हणाले, "वसंता जिंकला."

लोकेशनं हळूच विचारलं, "काका, सच्ची?"

"हौ. घेतले मी पैसे."

मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. खोटं आहे म्हटलं, रामपायलीला चला म्हटलं, हेमराजच्या आईला विचारा म्हटलं, या घराचे पत्रे बघा, पैसे घेतलेल्या माणसाचं घर असं असतं का म्हटलं. प्रेमलाल मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, माणूस स्वतः कबूल करून राह्यला. आता तू काहून तमाशा करतेस?"

ते उठले. कोणी काकांना शिवी दिली नाही, उलट जाताना जरा आदरानंच वाकले, मोठा आकडा ऐकला की वाकतात तसे. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत कसंबसं दम धरला आणि मग वसंताचा आवाज आला, "मी पहिल्या दिवसापासून सांगून राह्यलो होतो!" थोड्या वेळानं तो परत दारापर्यंत आला, मान आत घातली आणि म्हणाला, "काका, मुर्ग्याले या बरं का. तुमच्यामुळंच जिंकलो." अगदी मनापासून म्हणाला.

काकी उष्ट्या बश्या गोळा करत होती. तिच्या हातातून एक पडली, फुटली नाही, स्टीलची होती. तिनं ती तशीच राहू दिली. "काहून असं बोलले तुमी?" ती म्हणाली. "उद्या गावभर होईल. लेकीच्या सासरी जाईल हे. जावयाले काय तोंड दाखवू मी?"

काकांनी वाकून ती बशी उचलली. मग, मी जन्मात त्यांचा ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "मंग काय सांगू? गाडी आली, पोट्टे बसून गेले, अन् मले कोनी पुसलं नाई, हे सांगू? पैसे घेतले म्हणलं तं लोकाईले असं तरी वाटंल, का हा माणूस कोनाले तरी पाहिजे होता."